पक्षी थरथरतोय, मान टाकतोय: कीटकनाशकाच्या विषबाधेचा माग कसा काढावा

मेलेला पक्षी हा कीटकनाशकाच्या विषबाधेचा सगळ्यात उशिरा मिळणारा पुरावा असतो. त्याआधी बरंच काही घडून गेलेलं असतं. पक्ष्याचं खाणं कमी होतं, फांदीवरची पकड सैल होते, स्थलांतराची दिशा चुकते, पिल्लांना भरवण्याच्या फेऱ्या घटतात. हे सगळं मज्जासंस्थेतून सुरू होतं, कारण बहुतेक कीटकनाशकं मुळात किड्यांच्या मज्जातंतूंवर घाव घालण्यासाठीच बनवलेली असतात. किड्याच्या आणि पक्ष्याच्या चेतापेशींमध्ये निरोप पोहोचवणारी मूळ यंत्रणा बरीचशी सारखी आहे. त्यामुळे बाण मारला किड्याला, तरी वाटेत पक्षी सापडतोच.

हा लेख पक्षीनिरीक्षक, वन्यजीव-बचाव कार्यकर्ते, शेतावर काम करणारे आणि पशुवैद्यकाचे विद्यार्थी यांच्यासाठी आहे. शिवारात, बागेत किंवा तळ्याकाठी पक्षी विचित्र वागताना किंवा मेलेले दिसले तर कुठल्या क्रमाने काय करायचं, हे त्यात आहे. आधी थोडं रसायनशास्त्र येईल. ते टाळून पुढे जाऊ नका, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर ठरतो: काय दिसेल, पुरावा किती तास टिकेल, प्रयोगशाळेकडे नेमकं काय मागायचं.

पायरी १: विषाचे गट डोक्यात पक्के करा

एका चेतापेशीकडून दुसरीकडे किंवा स्नायूकडे निरोप जातो तेव्हा ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन मधली फट ओलांडतं. निरोप पोहोचला की ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) त्याचे लगेच तुकडे करतं आणि पुढच्या निरोपासाठी जागा मोकळी होते. ऑर्गनोफॉस्फेट गटातली (क्लोरपायरिफॉस, मोनोक्रोटोफॉस, डायझिनॉन, पॅराथिऑन, फोरेट) आणि कार्बामेट गटातली (कार्बोफ्युरान, अल्डिकार्ब, मेथोमिल) कीटकनाशकं नेमकं हेच विकर बंद पाडतात. मग दारावरची घंटा दाबलेलीच अडकून राहावी तसा निरोप वाजतच राहतो. स्नायू आधी फडफडतात, मग ताठरतात आणि शेवटी थकून लुळे पडतात. मरण बहुतेक वेळा श्वास थांबल्यामुळे येतं.

दोन्ही गट एकाच विकरावर बसतात, पण बसण्याच्या रीतीत मोठा फरक आहे. कार्बामेटची पकड काही तासांत आपोआप सुटते. ऑर्गनोफॉस्फेटची पकड वेळ जाईल तशी कायमची होत जाते आणि मग शरीराला नवं विकर तयार करावं लागतं. मेंदूतली पातळी पूर्ववत व्हायला दिवस, कधी आठवडेही लागतात. पॅराथिऑन, क्लोरपायरिफॉस यांसारखी काही औषधं तर यकृतात रूपांतर झाल्यावरच खरी विषारी होतात, म्हणून पक्षी खाऊन दूर उडून जातो आणि नंतर कोसळतो. उलट कार्बोफ्युरानने पक्षी खाल्ल्या जागेजवळच, काही मिनिटांत मरू शकतो. मृत पक्षी कुठे पडलेत, यावरून विषाविषयी पहिला अंदाज बांधता येतो तो असा.

यातल्या बऱ्याच औषधांपुढे पक्षी सस्तन प्राण्यांपेक्षा दुबळे ठरतात. ऑर्गनोफॉस्फेटचा निचरा करणारी काही विकरं त्यांच्या रक्तात फारच कमी असतात. त्यामुळे ‘जनावरांना काही झालं नाही, मग पाखरांना कसं होईल’ हा युक्तिवाद ऐकून घ्यावा, पण मानू नये.

निओनिकोटिनॉइड (इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन, थायामेथॉक्झाम) विकराला हात लावत नाहीत. ते ॲसिटिलकोलिनच्या ग्राहकावर, म्हणजे निरोप घेणाऱ्या पेशीवर ॲसिटिलकोलिन जिथे बसतं त्या जागेवर, स्वतःच जाऊन बसतात. किड्यांच्या ग्राहकांना ते जास्त घट्ट चिकटतात, म्हणून पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांसाठी ते सौम्य मानले गेले. पण बीजप्रक्रिया केलेल्या बियाण्यावर त्यांचा थर इतका दाट असतो, की लहान पक्ष्याच्या बाबतीत हा सौम्यपणा संपतो. मक्याचा एकच प्रक्रिया केलेला दाणा चिमणीएवढ्या पक्ष्याचा जीव घ्यायला पुरेसा ठरू शकतो.

पुढचा गट ऑर्गनोक्लोरीनचा. डीडीटी मज्जातंतूवरचे सोडियमचे दरवाजे उघडे ठेवतं आणि पक्षी थरथरू लागतो. डिल्ड्रिन, एंडोसल्फान वगैरे औषधं मेंदूला शांत ठेवणाऱ्या गाबा या यंत्रणेला अडवतात, म्हणून त्यांत आचके दिसतात. ही रसायनं चरबीत साठतात. पक्षी उपाशी राहिला किंवा लांबच्या प्रवासात चरबी जाळू लागला, की साठलेलं विष एकदम मेंदूकडे वळतं. फवारणीनंतर कित्येक महिन्यांनी, दूर कुठेतरी पक्षी मरण्यामागे हे कारण असू शकतं. १९५० च्या दशकात मिशिगन राज्य विद्यापीठाच्या आवारात एल्म झाडांवर डीडीटी फवारलं गेलं. ते पालापाचोळ्यातून गांडुळांत गेलं आणि गांडुळं खाणारे अमेरिकन रॉबिन थरथरत मेले. त्यांच्या अंगावर कोणी औषध मारलं नव्हतं.

फिप्रोनिल हेही गाबावरच काम करतं. प्रजातीनुसार फरक किती टोकाचा असतो ते याच्यात स्पष्ट दिसतं. बॉबव्हाइट या तित्तरवर्गी पक्ष्यात निम्मे पक्षी मारणारी मात्रा वजनाच्या प्रतिकिलो सुमारे ११ मिलिग्रॅम आहे, तर मॅलार्ड बदकात ती २,००० मिलिग्रॅमच्याही वर जाते. ‘पक्ष्यांसाठी सुरक्षित’ असं लेबलवर वाचलं, तर कुठल्या पक्ष्यासाठी हा प्रश्न लगेच विचारावा.

उरलेल्यांची धावती ओळख. स्ट्रिकनिनने जरा स्पर्श किंवा आवाज झाला तरी अंग धनुष्यासारखं ताणतं. अल्फा-क्लोरालोजने पक्षी गुंगतो आणि गार पडतो. पायरेथ्रॉइड पक्ष्यांना तुलनेने कमी बाधतात. त्यांची खरी झळ किडे संपल्यामुळे, म्हणजे खाद्यातून लागते.

पायरी २: जवळ जाण्याआधी दुरून बघा आणि चित्रीकरण करा

पक्षी जिवंत असेल तर लगेच धावत जाऊ नका. दुर्बिणीतून किंवा मोबाइलवर दोन-तीन मिनिटं सलग चित्रण घ्या. हातात घेतल्यावर घाबरलेला पक्षी लक्षणं लपवतो किंवा वाढवतो, आणि पशुवैद्याला तुमच्या वर्णनापेक्षा चित्रफितीतून जास्त कळतं.

बघायचं ते असं. उभा राहताना तोल जातो का, शेपटी टेकवून आधार घेतो का. पंख दोन्ही बाजूंनी सारखेच लोंबतायत की एकच. मान मागे वळून पाठीला लागतेय का. चोचीतून चिकट लाळ, डोळ्यांतून पाणी, पातळ शीट आहे का. चोच उघडून, शेपूट वरखाली करत श्वास घेतोय का. पायाची बोटं घट्ट मुठीसारखी वळलीत का; हे शेवटचं चिन्ह शिकारी पक्ष्यांत कार्बामेट आणि ऑर्गनोफॉस्फेटच्या बाधेत वारंवार दिसतं.

माणसांत आणि कुत्र्यामांजरांत या विषाने बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, म्हणून अनेकजण पक्ष्यातही आधी तेच शोधतात. पक्ष्याच्या बुबुळातला स्नायू वेगळ्या जातीचा, बराचसा त्याच्या इच्छेनुसार चालणारा असतो. त्यामुळे पक्ष्यात बाहुलीवर विसंबू नका.

सौम्य बाधेत यातलं काहीच ठळक नसतं. पक्षी फुगून बसतो, जवळ गेलं तरी उशिरा उडतो, फांदी हुकते. ऑर्गनोफॉस्फेटने शरीराचं तापमान काही काळ खाली जातं, म्हणून थंड रात्रीनंतर मृत्यू अचानक वाढलेले दिसू शकतात.

पायरी ३: दुसरी कारणं बाजूला काढा

या पायरीवर बहुतेक तपास घसरतात. शेजारी फवारणी झाली होती म्हणून पक्षी तिनेच मेले, असं ठरवून टाकणं सोपं असतं. ते चुकीचं निघालं तर पुढच्या खऱ्या तक्रारीचीही किंमत कमी होते.

बोटुलिझम हा सगळ्यात मोठा तोतया. साचलेल्या, सडलेल्या पाण्याकाठी बदकं आणि पाणपक्षी मान टाकून पडलेले दिसतात. फरक असा: बोटुलिझमचं विष ॲसिटिलकोलिन बाहेरच पडू देत नाही, म्हणून अंग पहिल्यापासून लुळं असतं, थरथर किंवा आचके नसतात. ऑर्गनोफॉस्फेटच्या बाधेत लुळेपणा शेवटी येतो. मृतदेहांवर अळ्या आणि आसपास त्या अळ्या खाणारे पक्षी दिसले, तर बोटुलिझमचा संशय बळावतो.

शिशाची बाधा हळूहळू चढते. छातीचं हाड धारेसारखं वर आलेलं, हिरवट शीट, छपरासारखे लोंबलेले पंख. उलट तीव्र विषबाधेत पक्षी बहुधा धडधाकट अंगाचा असतो आणि गळ्याखालच्या अन्नपिशवीत नुकतं खाल्लेलं अन्न सापडतं. काचेवर आपटलेला पक्षी एकटा असतो आणि इमारतीजवळ सापडतो. कबुतरांत मान पिळवटणं हे पॅरामिक्सोव्हायरसचं लक्षण असू शकतं. बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूतही गोल गोल फिरणं, थरथर, मान वाकडी होणं दिसतं. आणि तो माणसाला होऊ शकतो, म्हणून मज्जासंस्थेची लक्षणं दाखवणाऱ्या प्रत्येक पक्ष्याला तो नसल्याचं ठरेपर्यंत त्याच खबरदारीने हाताळावं.

शिवाय काही कारणं ओळखायलाच पिढी जाते. १९९४-९५ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात डीग्रे तलावावर बाल्ड ईगल अडखळत, आपटत मरू लागले. मेंदूतल्या मज्जातंतूंच्या आवरणात पोकळ्या पडलेल्या दिसल्या आणि कीटकनाशकांचाही संशय घेतला गेला. खरा गुन्हेगार २०२१ मध्ये सापडला: हायड्रिला या पाणवनस्पतीच्या पानांवर वाढणारं एक सायनोबॅक्टेरियम, जे ब्रोमाइड मिळाल्यावर मज्जाविष बनवतं. पानं खाल्ली पाणकोंबड्यांच्या कुळातल्या कूट पक्ष्यांनी आणि त्या कूट खाऊन गरुड मेले.

कीटकनाशकाच्या बाजूने झुकवणारी चिन्हं म्हणजे एकाच वेळी, एकाच जागी, एकसारखं अन्न खाणाऱ्या अनेक प्रजाती बाधित होणं. मृतदेहाभोवती माश्या, भुंगे किंवा मुंग्याही मेलेल्या सापडणं. आणि अन्नपिशवीत गुलाबी, निळे किंवा हिरवे रंगवलेले दाणे असणं.

पायरी ४: जिवंत पक्षी

हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे. मुलं आणि पाळीव जनावरं लांब. काही कार्बामेट इतकी तीव्र आहेत की आमिषाला उघडा हात लावणंही धोक्याचं. पक्ष्याला कापडात गुंडाळून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. खोका अंधारा, शांत आणि जरा ऊबदार हवा. तळाशी घडी घातलेलं फडकं असावं, म्हणजे आचके आले तरी पंख मोडत नाहीत.

तोंडात काहीही घालू नका. पाणी, दूध, मीठ-साखर, तेल, कोळशाची पूड, काहीही नाही. गिळण्याचे स्नायू ताब्यात नसलेला पक्षी ते श्वासनलिकेत ओढतो आणि विषाने नाही तर आपल्या मदतीने मरतो. पिसांवर औषध उडालेलं दिसत असेल तरी लगेच आंघोळ घालू नका. गारठा त्याला आधीच सोसत नसतो. पिसं धुणं पशुवैद्याने, पक्षी सावरल्यावर, कोमट पाण्याने करायचं काम आहे.

पशुवैद्याकडे नेताना रसायनाबद्दल जे काही ठाऊक असेल ते सांगा: रिकामा डबा, लेबलचा फोटो, फवारणीची वेळ. ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट दोन्हींत ॲट्रोपीन उपयोगी पडतं, पण ते लाळ, श्वासमार्गातला स्राव आणि मंदावलेलं हृदय यांवरच. स्नायूंच्या कंपावर त्याचा इलाज नाही. प्रॅलिडॉक्झिम हे औषध ऑर्गनोफॉस्फेटची पकड सोडवू शकतं, मात्र पकड पक्की होण्याआधी, म्हणजे साधारण पहिल्या दिवसाच्या आत. कार्बामेटमध्ये त्याचा फारसा फायदा नाही, काहींत अपायही आहे. निओनिकोटिनॉइडला प्रतिविषच नाही. झटके आवरणं, ऊब आणि पाणी भरून काढणं एवढंच हातात असतं. कार्बामेटची बाधा झालेला पक्षी पहिले काही तास तगला तर वाचण्याची आशा चांगली असते, म्हणून गाडीत त्याला ‘गेलाच’ समजू नका.

एक गोष्ट सुटका करताना विसरली जाते. काही ऑर्गनोफॉस्फेटमुळे पहिली बाधा ओसरल्यावर एक ते तीन आठवड्यांनी पायांतली ताकद जाते. हा परिणाम कोंबड्यांत इतका ठळक दिसतो, की त्याची चाचणी कोंबड्यांवरच घेण्याची पद्धत आहे. म्हणून दोन दिवसांत टवटवीत झालेल्या पक्ष्याला सोडण्याची घाई नको.

पायरी ५: जागेची नोंद

मृतदेह उचलण्याआधी प्रत्येकाचा जागेवरच फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी किंवा नाणं ठेवून. जीपीएस स्थान, वेळ, प्रजाती, मृतदेह ताजा की सडलेला, पायांची आणि मानेची स्थिती. मग कुंपणाच्या मुळाशी, पाण्याच्या कडेला, रातथाऱ्याच्या झाडाखाली शोधा. छोटे पक्षी मांजरं, कोल्हे, कावळे झपाट्याने उचलून नेतात, म्हणून सापडलेली संख्या नेहमी खऱ्या संख्येपेक्षा कमीच असते. नुसत्या पिसांचा ढीग दिसला तरी नोंदवा. मेलेल्या पक्ष्यांबरोबर जिवंत आणि धडधाकट पक्षी कुठल्या जातीचे दिसले तेही लिहा. फक्त दाणे खाणारेच मेले आणि किडे खाणारे ठीक आहेत, हे एका वाक्यात अर्धा तपास सांगून जातं.

सांडलेलं बियाणं, दाणेदार औषध, आमिषाचे तुकडे यांचे फोटो काढा. पेरणीच्या शेतात हे सगळ्यात जास्त सापडतं ते यंत्र वळवण्याच्या टोकांना आणि पोती भरण्याच्या जागी. दाणेदार कार्बोफ्युरानचा कण पक्ष्याला बी वाटतो किंवा अन्न दळण्यासाठी लागणारा खडा. १९८० च्या दशकात एकट्या अमेरिकेत या औषधाने वर्षाला १० ते २० लाख पक्षी मरत असावेत, असा तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज होता.

कोणाच्या शेतात शिरण्याआधी परवानगी घ्या आणि आरोप करत सुटू नका. फवारणी करणाऱ्याशी नीट बोललात तर औषधाचं नाव पाच मिनिटांत मिळतं. प्रयोगशाळेला ते शोधायला पाच आठवडे लागतील. शिवाय संरक्षित पक्ष्यांचे मृतदेह जवळ बाळगायला अनेक ठिकाणी परवाना लागतो, म्हणून वन्यजीव खात्याला आधी कळवणं हिताचं.

पायरी ६: नमुने, आणि त्यांचा गारवा

हातमोजे बदलत प्रत्येक मृतदेह वेगळ्या पिशवीत घाला. आधी ॲल्युमिनियमची फॉइल, मग प्लास्टिकची पिशवी, वर दुसरी पिशवी. चिठ्ठी पेन्सिलने लिहून दोन पिशव्यांच्या मध्ये ठेवा. शाई ओलीने पसरते. नमुना कोणी गोळा केला, कोणाकडे कधी दिला, याची सलग नोंद ठेवा. प्रकरण न्यायालयात गेलं तर ही साखळी तुटलेली चालत नाही.

बर्फात ठेवायचं की गोठवायचं, हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. विषाणू किंवा ऊतींची तपासणी हवी असेल तर गोठवल्याने पेशी फुटतात, म्हणून दिवस-दोन दिवसांत प्रयोगशाळा गाठता येत असेल तर बर्फात थंड ठेवलेलं चांगलं. त्याहून उशीर होणार असेल तर गोठवा. संशय कार्बामेटचा असेल तर मी गोठवण्याच्याच बाजूने आहे. या विषाची पकड मेलेल्या मेंदूतही सुटत राहते. उन्हात पडलेल्या किंवा गाडीच्या डिकीत राहिलेल्या मृतदेहात विकर पुन्हा कामाला लागतं आणि अहवाल ‘सामान्य’ येतो. अनेक पक्षी असतील तर वाटणी करा. काही गोठवा, काही नुसते थंड ठेवा. हा वाद तिथेच मिटतो.

शवविच्छेदन करणाऱ्याकडून अर्धा मेंदू गोठवून आणि अर्धा १० टक्के फॉर्मेलिनमध्ये मागून घ्या. अन्नपिशवी आणि जठरातलं अन्न, यकृत, मूत्रपिंड, चरबी वेगवेगळं गोठवायला सांगा. फवारणी थेट अंगावर पडल्याचा संशय असेल तर पाय आणि पिसंही जपा. पक्षी ज्या फांदीवर किंवा जमिनीवर बसला तिथलं औषध पायाच्या कातडीतून शरीरात जातं.

जिवंत पक्ष्याचं रक्त फक्त प्रशिक्षित आणि परवानाधारक व्यक्तीने घ्यावं, वजनाच्या एक टक्क्याच्या आत. कोलिनेस्टरेज (पायरी १ मधलं विकर) मोजण्यासाठी हेपारिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची नळी वापरावी. फ्लोराइडच्या नळीत विकर मंदावतं आणि खोटी बाधा दिसते.

सगळ्यात जास्त विसरला जाणारा नमुना म्हणजे तुलनेचा. कोलिनेस्टरेजची सामान्य पातळी जातीजातीत वेगळी असते, एकाच जातीच्या पिल्लात आणि मोठ्या पक्ष्यात वेगळी असते, प्रयोगशाळेच्या पद्धतीनुसारही बदलते. त्याच जातीचे आणि वयाचे, काचेवर किंवा गाडीला आपटून मेलेले दोन-चार पक्षी गोठवून ठेवलेले असतील तर त्यांच्याशी ताडता येतं. वन्यजीव-उपचार केंद्रांनी असा साठा जपून ठेवावा. निरुपयोगी म्हणून पुरले जाणारे हेच मृतदेह पुढे उपयोगी पडतात.

पायरी ७: काय तपासून घ्यायचं आणि अहवाल कसा वाचायचा

‘विष आहे का बघा’ असं लिहून नमुना पाठवू नका. प्रयोगशाळा जे मागाल तेच शोधते. पायरी १ मधल्या गटांपैकी कोणावर संशय आहे आणि का, ते लिहा.

मेंदूतलं कोलिनेस्टरेज ही पहिली आणि स्वस्त चाचणी. बहुतेक ठिकाणी ती १९६१ मध्ये आलेल्या एलमन पद्धतीने होते. तुलनेच्या पक्ष्यांपेक्षा पातळी २० टक्क्यांहून जास्त घटली असेल तर विषाशी संपर्क आला होता असं धरतात. ५० टक्के किंवा त्याहून जास्त घट असेल आणि इतर पुरावाही जुळत असेल, तर मृत्यूचं कारण हेच असं म्हणता येतं. त्यानंतरची युक्ती मला फार आवडते. त्याच नमुन्याचा एक भाग नुसता ऊबदार तापमानात ठेवतात. विकर पुन्हा जागं झालं तर कार्बामेट. नाही झालं, पण प्रॅलिडॉक्झिम घातल्यावर जागं झालं, तर ऑर्गनोफॉस्फेट. म्हणजे रसायनाचा रेणू सापडण्याआधीच त्याचा गट कळतो.

रक्तातलं कोलिनेस्टरेज मेंदूपेक्षा आधी घटतं आणि आधी भरूनही येतं. त्यामुळे ते संपर्काचा पुरावा म्हणून चांगलं, मृत्यूचं कारण ठरवायला अपुरं.

आता खरा खड्डा. कोलिनेस्टरेज सामान्य आलं म्हणजे कीटकनाशक नव्हतं, असा निष्कर्ष फार सहज काढला जातो. निओनिकोटिनॉइड, फिप्रोनिल, डिल्ड्रिन, डीडीटी यांपैकी कोणीही या विकराला धक्का लावत नाही. त्यांच्यासाठी अवशेषांचीच तपासणी लागते: निओनिकोटिनॉइडसाठी अन्नपिशवीतलं अन्न आणि यकृत, ऑर्गनोक्लोरीनसाठी मेंदू. इमिडाक्लोप्रिड रक्तातून दिवसभरात बरंचसं उतरतं, म्हणून तिसऱ्या दिवशी घेतलेल्या रक्तात ते न सापडणं हा निर्दोषपणाचा दाखला नव्हे. डिल्ड्रिनच्या बाबतीत ओल्या वजनाच्या प्रतिकिलो मेंदूत ४ ते ५ मिलिग्रॅम किंवा जास्त सापडलं तर ते प्राणघातक टप्प्यातलं मानतात. यकृतात किंवा चरबीत कितीही सापडलं तरी त्यावरून मृत्यूचं कारण ठरत नाही, कारण चरबीत साठलेलं विष गप्प बसलेलं असतं.

अवशेष सापडले आणि लक्षणं जुळली नाहीत, तर अहवालात ‘संपर्क’ हा शब्द लिहा, ‘विषबाधा’ नको. फ्रान्समधल्या सागिर या वन्यजीव-देखरेख जाळ्याने १९९५ ते २०१४ या काळात इमिडाक्लोप्रिड सापडलेल्या १०३ घटना आणि त्यांतले किमान ७३४ मृत प्राणी नोंदवले, मुख्यतः तित्तर आणि कबुतरं. त्यांनी प्रत्येक घटना किती खात्रीची आहे याची प्रतवारीही केली होती. आपल्या छोट्याशा अहवालातही ती शिस्त पाळता येते.

पायरी ८: जे मेले नाहीत त्यांच्यावर लक्ष ठेवा

मृत्यू मोजून काम संपत नाही. मज्जासंस्थेवरचे सौम्य घाव वागण्यात दिसतात आणि त्यांचे परिणाम बऱ्याचदा मृत्यूंपेक्षा जास्त पक्ष्यांपर्यंत पोहोचतात.

कॅनडातल्या संशोधकांनी स्थलांतराच्या काळात पकडलेल्या व्हाइट-क्राउन्ड स्पॅरो या पक्ष्यांना इमिडाक्लोप्रिडच्या छोट्या मात्रा दिल्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात तीन दिवस, रोज प्रक्रिया केलेल्या कॅनोलाच्या जेमतेम चार दाण्यांइतकं औषध पोटात गेलेल्या पक्ष्यांचं वजन मोठ्या प्रमाणात उतरलं आणि त्यांना उत्तरेची दिशा सापडेना. क्लोरपायरिफॉस दिलेल्यांचं वजन टिकलं, दिशा मात्र चुकली. २०१९ मध्ये त्याच गटाने मोकळ्या पक्ष्यांवर रेडिओ-टॅग लावून पाहिलं. एकाच मात्रेने पक्षी सरासरी ६ टक्के वजन गमावून थांब्यावर साडेतीन दिवस जास्त अडकले. उशिरा पोहोचलेल्याला चांगली जागा आणि जोडीदार मिळणं अवघड होतं. त्याआधी १९९५ च्या एका अभ्यासात ॲसिफेट हे ऑर्गनोफॉस्फेट दिलेल्या प्रौढ व्हाइट-थ्रोटेड स्पॅरोंनी दक्षिणेची दिशा गमावली होती, पण त्याच वर्षी जन्मलेल्या पक्ष्यांवर तसा परिणाम दिसला नव्हता. पाठ असलेला रस्ता विसरला जातो असा त्याचा एक अर्थ निघतो. प्रौढ पक्षी पूर्वी केलेल्या प्रवासातून दिशा शिकलेले असतात.

प्रयोगशाळा नसतानाही हे काही प्रमाणात मोजता येतं. फवारणीचा दिवस आधी कळला तर त्याआधी दोन-तीन दिवस ठरावीक घरट्यांवर रोज एकाच वेळी अर्धा तास बसा. भरवण्याच्या फेऱ्या, पालक घरट्यावर बसण्याचा वेळ, नराच्या गाण्यांची संख्या लिहा. मग फवारणीनंतर दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या दिवशी तेच करा. सोबत, वाऱ्याने औषध पोहोचणार नाही इतक्या अंतरावरची तेवढीच घरटी हवीत. नाहीतर पावसाचा आणि उन्हाचा परिणाम औषधाच्या नावावर जमा होतो. १९८० च्या दशकात डायक्रोटोफॉस हे ऑर्गनोफॉस्फेट दिलेल्या स्टार्लिंग माद्यांनी पिल्लांकडच्या फेऱ्या कमी केल्या आणि पॅराथिऑन दिलेल्या लाफिंग गल पक्ष्यांनी अंडी कमी वेळ उबवली. या दोन्ही गोष्टी अशाच मोजणीतून पुढे आल्या.

एक गुंता राहतो. फवारणीने किडे मरतात, म्हणून फेऱ्या नुसत्या उपासमारीनेही बदलतात. माझा ठोकताळा असा: अन्न कमी पडलेला पालक जास्त लांब उडतो, छोटे किडे आणतो, पण चपळ असतो. बाधित पालक जवळच फुगून बसतो, पिल्लं ओरडत असली तरी उठत नाही. हा फरक चित्रफितीत टिपून ठेवा. शंका असेल तर दोन्ही शक्यता लिहा.

पायरी ९: स्रोत बंद करा

तपास चालू असतानाच पुढचे मृत्यू थांबवता येतात, अहवालाची वाट बघायची गरज नसते. सांडलेलं बियाणं गोळा करून बंद डब्यात ठेवायला लावा किंवा निदान मातीखाली गाडायला लावा. शेताच्या टोकांना पेरणी यंत्र उचलण्याआधी बी सोडणं बंद करावं. मेलेले उंदीर, कावळे आणि आमिष रोज उचलावं, नाहीतर ते खाऊन घारी, गिधाडं मरत राहतात. अर्जेंटिनात १९९५-९६ च्या उन्हाळ्यात टोळ-नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस फवारलं तेव्हा ते खायला जमलेले स्वेन्सन्स हॉक हजारोंनी मेले. पक्षी शेतात टिपत असतानाच फवारणी सुरू होती. त्यामुळे फवारणीआधी शेतात पक्ष्यांचे थवे उतरलेत का हे बघणं, आणि असतील तर ते उठेपर्यंत थांबणं, ही बिनखर्चाची खबरदारी आहे.

घटनेनंतर दोन-तीन आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा फेरी मारा. कलेवरं नसतील, पण पायात ताकद नसलेले, फांदीवर नीट न बसणारे पक्षी दिसले तर तेही वेळ, ठिकाण आणि चित्रफितीसह त्याच फाइलमध्ये जोडा आणि प्रयोगशाळेला कळवा.